दररोज रात्रीचा लकवा

झोपेत शरीर विसावतं आणि मेंदूही विसावतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांचीही होती. तिला १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी धक्का दिला. झोपलेल्या माणसाची बुबुळं रात्रीतून काही वेळा मिटल्या पापण्यांआड झपाझप फिरू लागतात, आणि नेमकं तेव्हा त्याला उठवलं तर तो बहुतेकदा स्वप्न सांगतो, असं त्यांना आढळलं. या झोपेला 'रॅपिड आय मूव्हमेंट', म्हणजे आद्याक्षरांनी 'रेम', असं नाव पडलं. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. डोळे हलताना दिसतात म्हणून ते नावात आले. नवल आहे ते बाकीचं शरीर हलत नाही याचं.

हे नवल फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिशेल झुवे यांना १९५९ च्या सुमारास सापडलं. ते झोपलेल्या मांजरांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आणि मानेच्या स्नायूंमधली हालचाल एकाच वेळी नोंदवत होते. लहरी पाहाव्यात तर जाग्या मांजरासारख्या, आणि मानेच्या स्नायूची रेघ मात्र सपाट. झुवे यांनी तिला 'विरोधाभासी झोप' म्हटलं. घरात मांजर असेल तर हे उपकरणांशिवायही दिसतं. बसल्या बसल्या झोपलेलं मांजर मान सावरून असतं. रेम झोप लागली की ती मान लुळी पडते आणि मिश्या, पंजे अधूनमधून फुरफुरतात.

माणसात साधारण दीड तासाने हा टप्पा येतो. पहिल्या फेरीला काही मिनिटांचाच, पहाटेकडे अर्ध्या तासापर्यंत लांबलेला. प्रौढांच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा असा जातो, नवजात बाळाचा जवळजवळ निम्मा. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात. खरं होण्याचं सोडा, पण पहाटे स्वप्नं अधिक पडतात आणि जाग जवळ असल्यामुळे लक्षातही राहतात.

या काळात भावना चेतवणारा अमिग्डाला जोरात चालतो, तर तर्क आणि विवेक सांभाळणारा कपाळामागचा काही भाग मंदावतो. म्हणूनच वारलेले आजोबा एसटीत शेजारी बसले तरी स्वप्नात कुणाला शंका येत नाही. श्वास आणि नाडी अनियमित होतात. शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणाही ढिली पडते.

आणि शरीराला कडी लागते. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे. तिथल्या एका लहानशा पेशीसमूहाकडून निरोप खाली मेड्युलात आणि मज्जारज्जूत जातो. तिथे ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींना गप्प करतात. स्वप्नात आपण धावतो तेव्हा मेंदू धावण्याची आज्ञा खरोखर देत असतो. ती पायांपर्यंत पोचत नाही इतकंच. श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू यातून वगळलेले असतात, हे आपलं नशीब. कधी जाग आधी येते आणि कडी नंतर सुटते. मग माणूस डोळे उघडे ठेवून पडून राहतो, हात हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. गावोगाव याचा दोष भुताला मिळाला आहे. अनुभव भयंकर असला तरी एरवी निरोगी माणसाला त्यातून इजा होत नाही.

उलटा बिघाड मात्र गंभीर असतो. झुवे यांनी मांजरांच्या पॉन्समधला तो भाग नष्ट केला, तेव्हा ती मांजरं गाढ रेम झोपेत उठून दबा धरू लागली, समोर नसलेल्या शत्रूवर झेप घेऊ लागली. १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटामधल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी हेच माणसांत नोंदवलं. त्यांचे रुग्ण बहुतेक साठीपुढचे पुरुष होते. ते स्वप्नातल्या हल्लेखोराशी लढताना शेजारी झोपलेल्या बायकोला मारत, पलंगावरून पडत. दिवसा हीच माणसं शांत स्वभावाची.

शेंक यांनी पन्नाशीपुढच्या अशा २९ पुरुषांवर लक्ष ठेवलं. १९९६ साली त्यांतल्या ३८ टक्क्यांना पार्किन्सनसारखा विकार झालेला होता. पुढे संपर्कात राहिलेल्या २६ जणांपैकी २१ जणांना २०१३ पर्यंत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा स्मृतिभ्रंश झाला. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या १,२८० रुग्णांच्या अभ्यासात बारा वर्षांचा धोका सुमारे ७३ टक्के निघाला. कारण असं दिसतं की अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी अनेकांत मेंदूच्या देठात आधी साठतात, आणि हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीच ती कडी निखळते.

आजार थांबवणारं औषध अजून नाही. मग आधी कळून काय उपयोग, असं मला विचारतात. उपयोग आहे. मार टाळता येतो: पलंग खाली घ्यायचा, टेबल-काचा दूर करायच्या, काही दिवस वेगळं झोपायचं. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलं तर हातपाय मारणं बरंच कमी होतं. शिवाय झोपेत लाथ मारणारा प्रत्येक जण या वाटेवरचा नसतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी असं होतं, घोरताना श्वास अडकणाऱ्यांतही दिसतं. नक्की निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीतच होतं.

अडचण ही की रुग्णाला स्वतःला बहुधा पत्ता नसतो. साक्षीदार एकच, आणि 'यांना जुनी सवय आहे' म्हणून तीही गप्प राहते. तिने डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाव्यात. प्रकार रात्रीच्या पूर्वार्धात होतो की पहाटेकडे; झोपेत चालणं सहसा पूर्वार्धातलं, हे उत्तरार्धातलं. त्या वेळी डोळे मिटलेले असतात का. आणि हलवल्यावर ते लगेच भानावर येऊन सरळ सांगतात का, की कुत्रं मागे लागलं होतं, त्याला लाथ मारत होतो.