चिंच इथली नव्हे, आणि आणखी काही

जळगाव-धुळ्याकडे बांधावर, गावठाणात किंवा जुन्या रस्त्याच्या कडेला चिंच नाही असं गाव विरळाच. म्हणून ती मूळ इथलीच, हे आपण गृहीत धरतो. 1753 मध्ये लिनियसने तिच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ घालून त्यावर शिक्कामोर्तबही केलं. पण तिचं मूळ रान उष्ण आफ्रिकेतलं. सुदानात तिचं सरबत ‘अरदेब’ म्हणून आजही पितात. आपल्याकडे मात्र ती फार आधी पोचली: गंगेच्या खोऱ्यातल्या नरहन इथल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा चिंचेच्या लाकडाचा कोळसा मिळाला आहे.

दुसरा गैरसमज जिभेने करून दिलेला. आंबट आहे, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असणारच! 100 ग्रॅम गरात ते जेमतेम 3-4 मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच पेरूत 200 च्या वर. चिंचेचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. बहुतेक फळं पिकताना त्यांतलं आम्ल कमी होतं. चिंचेत ते टिकून राहतं आणि साखर मात्र वाढत जाते. पिकलेली चिंच एकाच वेळी आंबट आणि गोड लागते ती यामुळे. तांब्याची भांडी लखलखतात तीही या आम्लानेच.

चिंचेखाली काही उगवत नाही, हे निरीक्षण बऱ्याच अंशी खरं आहे. त्याचं खापर भुतांवर फोडणं चूक. सावली दाट असते, शिवाय पानांतली आणि सालीतली द्रव्यं इतर बियांच्या रुजण्याला अटकाव करतात. रात्री झाड विषारी हवा सोडतं म्हणावं, तर श्वसन सगळीच झाडं करतात आणि उघड्यावरच्या माणसाला त्याने काही होत नाही. मुलांना रात्री झाडापासून लांब ठेवायला भूत सोयीचं, एवढंच.

गोरखचिंच ही चिंचेची थोरली बहीण नव्हे. तीही आफ्रिकेची, तिचाही गर खातात. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्यापलीकडे मांडूला गेलात, तर तिची मोठाली फळं विकायला दिसतील. पण कुळ पाहिलं तर ती आपल्या कपाशीची आणि सावरीची नातलग. खरी चिंच शेंगांच्या कुळातली, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या गोतातली.

चिंच फोडून उरलेला चिंचोका टाकाऊ, असं समजणाऱ्याने घोंगडी विणणाऱ्याला विचारावं. चिंचोक्याची खळ दिल्याशिवाय लोकरीच्या धाग्याला ताठपणा येत नाही. कापडाच्या आणि तागाच्या गिरण्याही खळीसाठी त्याची भुकटी वापरत आल्या आहेत.