तळ्यातल्या माशांच्या जंतांची शिरगणती



वाम किंवा मरळ चिरायला घेतली आणि आतड्यातून पांढरी, फितीसारखी वळवळणारी वस्तू बाहेर आली, असे तुमच्या घरी कधी ना कधी झालेच असेल. अशा वेळी एखादी गृहिणी किळस येऊन सगळा मासा उकिरड्यावर फेकते. दुसरी आतडे काढून दारातल्या कुत्र्यापुढे टाकते, मासा धुते आणि रश्श्यात सोडते. पहिलीचे पैसे वाया जातात. दुसरीचे बरेचसे बरोबर आहे, पण थोडे चुकते. काय चुकते ते पुढे सांगतो.

मी शेतकीचा पदवीधर. कपाशीवरची बोंडअळी आणि ज्वारीवरची खोडमाशी हा माझा रोजचा विषय. पण गावतळे आणि शेततळे झाले की मासे आले, मासे आले की त्यांचे रोगही आले, आणि लोक विचारायला येतात ते माझ्याकडेच. म्हणून गेल्या काही वर्षांत या विषयाची माहिती मी मुद्दाम गोळा केली. त्यातली तुमच्या उपयोगाची तेवढी इथे मांडतो.

पैठणच्या नाथसागराच्या काठी सकाळी जाळी ओढली जातात तेव्हा कधी कधी कॉलेजची मुले वही, काटा आणि मोजपट्टी घेऊन उभी असतात. गावाला वाटते, ठेक्याची चौकशी करायला कोणी आले. तसे काही नसते. ती माशांच्या परोपजीवींची पाहणी करीत असतात. दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्या जिवावर जगतो तो परोपजीवी. म्हशीच्या कानातला गोचीड हा परोपजीवीच, आणि लहान मुलांच्या पोटातला जंतही. माशालाही दोन्ही प्रकार असतात, अंगावरचे आणि पोटातले.

मराठवाड्यात या कामाची परंपरा जुनी आहे. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ या नावाने सुरू झाले आणि १९९४ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. तिथल्या प्राणिशास्त्र विभागाने गोदावरीच्या माशांतले पट्टकृमी वर्षानुवर्षे गोळा केले. वाम माशाच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीला शिंदे आणि जाधव या संशोधकांनी १९८० साली सेंगा गोदावरी असे नाव दिले. आपल्या नदीचे नाव असे एका कृमीला लागून जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत गेले आहे. कृमीला का होईना, लागले!

पाहणी करतात कशी, ते ऐका. मासा विकत घेतला की आधी त्याची जात, लांबी, वजन, नर की मादी, तारीख आणि ठिकाण वहीत उतरवायचे. मग अंगावरचा चिकट बुळबुळीत थर काचपट्टीवर खरवडून घ्यायचा. कल्ल्यांच्या पाकळ्या एकेक सोडवून पाहायच्या. नंतर पोट फाडून आतडे काढायचे आणि ते लिटरला साडेआठ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात उघडायचे. साध्या पाण्यात कृमी फुगतात व फुटतात, म्हणून हे मीठ. कृमी मिळाला की तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचा, अल्कोहोलमधून चढत्या क्रमाने काढायचा, काचेवर कायमचा बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढायचे. एका माशाला अर्धा दिवस सहज जातो. तेव्हा या मुलांना हसू नका, आणि दोन मासे मागितले तर भाव चढवू नका.

आता हिशेब. समजा ५० वाम तपासल्या. त्यांतल्या २० मध्ये पट्टकृमी निघाले, आणि सगळे मिळून कृमी भरले ६०. म्हणजे शेकडा ४० माशांना लागण, आणि लागण झालेल्या प्रत्येक माशात सरासरी ३ कृमी. हे दोन आकडे वेगवेगळे ठेवावे लागतात, कारण कृमींची वाटणी कधीच सारखी नसते. दहा घरांच्या वस्तीत निम्मी जमीन दोघांकडेच असावी, तसे थोड्या माशांत पुष्कळ कृमी असतात आणि बाकीचे रिकामे. म्हणून चार मासे चिरून तळ्याबद्दल काही बोलू नये. चांगली पाहणी बारा महिने चालते आणि दर महिन्याला पुरेसे मासे तपासते.

बारा महिने का? मराठवाड्यातल्या बऱ्याच पाहण्यांत असे दिसले आहे की लागण उन्हाळ्यात सर्वांत जास्त, हिवाळ्यात मध्यम आणि पावसाळ्यात सर्वांत कमी असते. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात पाणी आटते, मासे थोड्या जागेत दाटी करतात आणि कृमींची पिल्ले वाहून नेणारे बारीक जीवही त्याच डबक्यात जमतात. मृगाचे पाणी आले की सगळे पांगते.

हे बारीक जीव कोण? इथे जुन्या मंडळींना नारू आठवेल. पायविहिरीत उतरून पाणी भरायचे, त्यात सायक्लॉप्स नावाचा टाचणीच्या टोकाएवढा जीव असायचा, त्याच्या पोटात नारूची अळी. पाणी प्याले की वर्षभराने पायातून हातभराहूनही लांब दोरा निघायचा. पाणी फडक्याने गाळणे, पायविहिरी बंद करणे, विहिरीत औषध टाकणे, यांमुळे तो रोग गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण सायक्लॉप्स कुठे गेला नाही. तो आजही तुमच्या तळ्यात आहे, आणि माशांच्या कित्येक पट्टकृमींची व गोलकृमींची पिल्ले तोच वाहतो. मासा सायक्लॉप्स खातो आणि कृमी माशाच्या पोटात मोठा होतो. मागूर माशाचे काही पट्टकृमी मात्र चिखलातल्या लाल, केसासारख्या किड्यांतून येतात, कारण मागूर चिखल उकरून खातो.

दुसरी वाट गोगलगायीची. गुराढोरांना लिव्हर फ्लूक होतो, जबड्याखाली सूज येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याची पिल्ले पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि मग काठच्या गवताला चिकटतात. माशांचेही असेच चपटे कृमी आहेत, फक्त ते गोगलगायीतून निघून गवताऐवजी माशाच्या अंगात शिरतात. माशाच्या मांसात कधी कधी ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे गोळे दिसतात, ते हेच. हा कृमी वयात येतो तो बगळ्यासारख्या पक्ष्याच्या तोंडात आणि घशात. बगळा मासा खातो, त्याच्या तोंडातून कृमीची अंडी पाण्यात पडतात, तिथून गोगलगाय, तिथून पुन्हा मासा. नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी उथळ, पक्षी भरपूर. अशा ठिकाणी हे चक्र अखंड फिरत राहणार, त्याला इलाज नाही, आणि करण्याची गरजही नाही. माझे तर मत असे की तळ्यातले चपटे कृमी एकाएकी नाहीसे झाले तर आनंद मानण्याआधी गोगलगायी जिवंत आहेत का ते पाहावे. शेतातले औषध ओघळून पाण्यात गेले तर त्या मरू शकतात.

इतक्या वर्षांच्या पाहण्यांत एक खोटही राहिली आहे. कृमी थोडा लांब, थोडा आखूड दिसला की नवी जात म्हणून नाव देण्याची घाई पुष्कळ झाली. २०११ साली काही तज्ज्ञांनी मागूर माशातल्या अखंड अंगाच्या पट्टकृमींची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तोवर या एका माशातून ५९ जातींची नावे नोंदली गेली होती. त्यांतल्या फक्त ८ खऱ्या ठरल्या. एकच बैल सात बाजारांत सात नावांनी विकावा, तसा प्रकार. मिळालेले नमुने नीट जपून ठेवणे, ते दुसऱ्यांना तपासायला देणे, हे नाव देण्यापेक्षा मोलाचे आहे. शिवाय आमच्या शेतकऱ्याला कृमीचे नाव नको असते. त्याला हे खावे की नाही, आणि माझे मासे का मरतात, एवढेच विचारायचे असते.

तर पहिला प्रश्न, खावे की नाही? माशाच्या आतड्यात सापडणारे सेंगा किंवा मागुरातले पट्टकृमी माणसाच्या पोटात राहू शकत नाहीत. आतडे काढून टाकले, मासा स्वच्छ धुतला आणि रस्सा खळखळ उकळला, की काळजी उरत नाही. पण काही कृमींची पिल्ले मांसात असतात, आणि कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाल्ला तर ती माणसाला बाधतात. थायलंड आणि लाओसमध्ये कच्च्या नदीमाशाचे पदार्थ आवडीने खातात. तिथे माणसाच्या यकृतात चपटे कृमी होतात आणि पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्याकडे कच्चा मासा कोणी खात नाही, हे आपले भाग्य. मात्र शेतावर पोरे मासे पकडतात आणि काटक्या पेटवून वरवर भाजून खातात, तिथे लक्ष ठेवा. काट्यापर्यंत मांस पांढरे झाले पाहिजे.

आता त्या आतड्याचे. कच्चे आतडे कुत्र्या-मांजरापुढे टाकायचे नाही. मरळीसारख्या माशात एका गोलकृमीची पिल्ले असू शकतात. तो कुत्र्या-मांजराच्या जठरात वाढतो, विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते. तळ्याच्या काठीही घाण टाकू नका. खड्डा करून पुरा. विळी आणि हात साबणाने धुवा.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. तळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणाऱ्यांचे खरे नुकसान पोटातल्या कृमींपेक्षा अंगावरच्या परोपजीवींनी होते. त्यांत पहिली माशाची ऊ. ही चपटी, पारदर्शक, तिळापासून मसुराएवढी असते. ऊ म्हणतात, पण ती झिंग्याच्या भावकीतली. खवल्यांत सोंड खुपसून रक्त पिते. मासे काठाला, बांबूला अंग घासतात, पाण्याबाहेर उड्या मारतात, अंगावर लाल ठिपके पडतात, वजन वाढत नाही. आमच्या भागातल्या एका गावतळ्यावर लोकांनी हे पाहिले आणि कोणीतरी करणी केली म्हणून नारळ फोडले. दोन मासे काढून उन्हात धरले तेव्हा उवा चालताना सगळ्यांना दिसल्या. त्या वर्षी व्यापाऱ्याने त्यांच्या मालाला भाव कमी दिला. गटातल्या दोन घरांनी बियाण्यासाठी उसने घेतलेले पैसे पुढच्या हंगामापर्यंत फिटले नाहीत.

या उवेला धरण्याची एक सोपी युक्ती आहे. तिची मादी अंडी घालायला माशाला सोडून टणक जागा शोधते. तळ्यात ठिकठिकाणी बांबू किंवा फळ्या उभ्या रोवा. त्यांवर ती रांगेत अंडी चिकटवते. ती फुटायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा दर आठवड्याला बांबू काढा, खरवडा, दिवसभर कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा रोवा. खर्च काही नाही, फक्त नेम चुकता कामा नये.

जुन्या पुस्तकांत या उवेवर गॅमेक्सीन टाका असे लिहिलेले सापडेल. ते बीएचसी १९९७ पासून देशात बंद आहे. फवारणीचे दुसरे कोणतेही औषध स्वतःच्या अंदाजाने तळ्यात ओतू नका. त्या पाण्यावर गुरे येतात, बायका धुणे धुतात. मत्स्य अधिकाऱ्याने मात्रा लिहून दिल्याशिवाय हे काम नाही.

बीज आणताना मात्र प्रत्येकाने एक करावे. १० लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम जाडे मीठ विरघळवून बोटुकली त्यात दोन-तीन मिनिटे बुडवावी. मासा आडवा व्हायला लागला तर लगेच बाहेर काढावे. बरीच पीडा बीजाबरोबरच येते. उन्हाळ्यात तळे आटले तर तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भेगांचा प्रश्न नाही, पण कडेची शेवाळे व गाळ घासून काढता येतो.

एक फरक ओळखायला शिका. मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडझाप करतात आणि ऊन चढल्यावर खाली जातात, तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी आहे. दिवसभर तसेच राहिले, कल्ले फिके किंवा सुजलेले दिसले, तर कल्ल्यांतले बारीक कृमी असण्याचा संभव आहे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो.

त्यासाठी मासा तपासायला न्या. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा. मेलेला मासा नेऊन फारसा उपयोग नाही. मासा मेला की अंगावरचे कित्येक परोपजीवी थोड्या वेळात मरतात किंवा सोडून जातात. आजारी दिसणारे तीन-चार मासे जिवंत, तळ्याच्याच पाण्यात, झाकण सैल ठेवलेल्या डब्यातून न्या आणि सकाळच्या थंड वेळी निघा. जिवंत नेणे जमतच नसेल तर बर्फात ठेवा, पण बर्फ आणि मासा यांमध्ये प्लॅस्टिक असू द्या. डब्याला चिठ्ठी बांधा. तीवर तळ्याचे नाव, तारीख, बीज कुठून व केव्हा आणले, किती मासे मेले आणि गेल्या पंधरा दिवसांत काठच्या शेतांत काय फवारले, एवढे पेन्सिलीने लिहा. शाईचे अक्षर पाणी लागले की पसरते.