वजन उतरलं की पेशंट गायब

1985च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचं क्लिनिक चालवत होते. ज्यांचं वजन झपाट्यानं उतरे, तेच पेशंट उपचार अर्धवट सोडून निघून जात. हे कोडं सोडवायला त्यांनी मुलाखती सुरू केल्या. एकदा जीभ घसरली. पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळी वय किती होतं, याऐवजी वजन किती होतं, असं ते विचारून बसले. बाई म्हणाली, चाळीस पौंड. म्हणजे अठरा किलो! मग तिला रडू कोसळलं. ती चार वर्षांची होती आणि तो माणूस तिचा बाप होता.

पुढे असे कितीतरी पेशंट निघाले. त्यातल्या काहींना लठ्ठपणा हा आजार वाटतच नव्हता; ते चिलखत होतं, कुणाची नजर आपल्यावर पडू नये म्हणून चढवलेलं. डॉक्टर तेच उतरवायला निघाले होते. (प्रत्येक लठ्ठ माणसामागे असं काही असतं, असा अर्थ कृपा करून काढू नका.) संशोधक रॉबर्ट आंडांसोबतचा त्यांचा मोठा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण कित्येक पट जास्त दिसलं.

असा माणूस दवाखान्यात येतो तो भलतीच तक्रार घेऊन. झोप नाही, ओटीपोट दुखतं, दारू सुटत नाही. दाताच्या डॉक्टरची खुर्ची मागे झुकते, अनोळखी चेहरा वरून जवळ येतो, तोंडात बोटं जातात, आणि चांगला पंचेचाळिशीचा गृहस्थ घामानं डबडबतो. आपण त्याला भित्रा म्हणून मोकळे होतो. खरं तर 'नको वाटलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन', एवढं म्हणायला डॉक्टरांना दहा सेकंदही लागत नाहीत.

अशा आघातांवर उपचार आहेत, आणि ते उशिरा सुरू केले तरी उपयोगी पडतात. पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकायची सक्ती नसते. आधी सुरक्षित वाटणं, आठवणी नंतर.

केंद्र सरकारच्या 2007च्या अहवालात 13 राज्यांतल्या 12,447 मुलांपैकी 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं होतं. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.