दोनशे मीटर खालची ऊब
डिसेंबरातल्या पहाटे विहिरीतून कळशी वर ओढली की पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. हात घातला तर पाणी कोमट लागतं. मे महिन्यात त्याच विहिरीचं पाणी गार लागतं. खरं तर पाणी दोन्ही वेळा जवळपास सारखंच असतं, बदललेली असते ती बाहेरची हवा. जमिनीत 10-15 मीटर खाली उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही. तिथलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं.

स्वीडनमधल्या लाखो घरांनी हीच गोष्ट कामाला लावली आहे. अंगणात बोअर मारायची. वरच्या मातीत पोलादी केसिंग आणि खाली कठीण ग्रॅनाइटमध्ये चार-पाच इंच रुंद, 150 ते 200 मीटर खोल छिद्र. हिला पाणी लागलं तरी ते उपसायचं नसतं. आत यू आकाराचा प्लास्टिकचा पाइप सोडतात आणि त्यातून पाणी व अल्कोहोलचं मिश्रण फिरवतात. अल्कोहोल कशाला, तर गोठू नये म्हणून. ऐन थंडीत हे मिश्रण शून्य अंशाच्या आसपास खाली जातं आणि तीनेक अंशांनी तापून वर येतं. बस्स, तीन अंश!

एवढ्यावर घर कसं ऊबदार होणार? घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा. आतल्या दुधा-भाजीतली उष्णता काढून फ्रिज ती स्वयंपाकघरात सोडत असतो. या घरांत बसवलेला हीट पंपही तेच करतो, फक्त त्याची ‘भाजी’ म्हणजे अंगणाखालचा खडक. त्याच्यातला द्रव कमी दाबाखाली शून्याच्याही खाली उकळतो, त्यामुळे थंडगार मिश्रणातूनही तो उष्णता ओढून घेतो. उकळून त्याचा वायू झाला की कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक चटका बसण्याइतकं तापतं, तसा हा वायूही तापतो. ती उष्णता फरशीखालच्या नळ्यांतल्या पाण्याला मिळते. पाणी 35 अंशांचं झालं तरी पुरे, अख्खी जमीन तळव्यांना ऊबदार लागते. उष्णता देऊन वायूचा द्रव होतो, झडपेतून जाताना दाब उतरून गार पडतो आणि पुन्हा कामाला लागतो.

विजेचं काम उष्णता निर्माण करण्याचं नाही, ती उचलून आणण्याचं. म्हणूनच एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता घरात येते. झुरिकच्या हाइनरिश झोली या अभियंत्याने जमिनीतून उष्णता घेण्याच्या कल्पनेचं पेटंट 1912 मध्येच घेतलं होतं. स्वीडनने ती मनावर घेतली 1973 च्या तेलटंचाईनंतर. बोअरचा खर्च मोठा, पण ती एकदाच मारावी लागते.

मला सर्वांत मोह पडतो तो उन्हाळ्यातल्या कामाचा. तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसतं खालचं गार मिश्रण पंख्याच्या कॉइलमधून फिरवलं तरी खोली थंड होते. खोलीतली उष्णता खडकात उतरते. हिवाळ्यात उसनी घेतलेली ऊब अशी थोडी तरी परत जाते. बोअरी फार जवळ असतील तर एकीच्या वाट्याची उष्णता दुसरी ओढते. त्यामुळे शेजाऱ्याच्या आणि आपल्या बोअरमध्ये किमान 20 मीटर अंतर ठेवा, असं तिथली मार्गदर्शक नियमावली सांगते.

हेच पुण्यात करायचं तर? खालचा खडक 25 अंशांच्या पुढे, म्हणजे नुसतं मिश्रण फिरवून भागणार नाही, कॉम्प्रेसर लागेलच. तरीही 40 अंशांच्या हवेत उष्णता फेकणाऱ्या एसीपेक्षा त्याला कष्ट कमी पडतील. खरी अडचण वेगळी आहे. आपल्याला घर तापवायचंच नसतं. वर्षानुवर्षं खडकात फक्त भर पडत गेली, तर बोअरभोवतीचा दगड तापत जातो आणि यंत्राची ताकद घटते. त्यामुळे मला हे तंत्र इथं बंगल्यापेक्षा रुग्णालयात किंवा हॉटेलात जास्त शोभेलसं वाटतं. तिथं एसी लागतो आणि गरम पाणीही दिवसभर लागतं. खोल्यांतून काढलेली उष्णता आधी आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्यात घालायची, उरेल तेवढीच बोअरमध्ये सोडायची.