घड्याळ पाहून पाय पसरावेत

मुंबईत पोट भरायला वडापाव पुरतो. पाठ टेकायची म्हटली की पाकीट बाहेर काढावं लागतं. परीक्षेला आलेली पोरं, दवाखान्यासाठी आलेली माणसं, कोर्टाची तारीख असलेले, सिनेमात नशीब काढायला आलेले अशा सगळ्यांना या शहराने कुठे ना कुठे झोपवलं आहे. त्यातल्या बहुतेक सोयींमध्ये एक धागा सापडतो. इथे स्वस्तात जे मिळतं ते खोलीच्या मापात कमी आणि तासांच्या मापात जास्त.

एक जागा, तीन पाळ्या
गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसं राहायची. सगळी एकदम झोपायला आली असती तर भिंती बाहेर सरकवाव्या लागल्या असत्या! पण गिरण्या पाळ्यांमध्ये चालत. एक जण भोंगा ऐकून निघाला की रात्रपाळीवाला त्याच जागी आपली वळकटी पसरायचा. उरलेल्यांना जिना, गॅलरी आणि फुटपाथ. कोकणातल्या कित्येक गावांनी तर मुंबईत गावकरी मंडळाच्या नावाने खोल्याच धरल्या होत्या. महिन्याची वर्गणी भरा, ट्रंक भिंतीला लावा, झाली सोय. जेवण खानावळवाल्या बाईकडे. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

भाडं नाममात्र, प्रार्थना सक्तीची
गोव्याच्या लोकांनी हाच प्रकार आपल्या ढंगात केला. त्याला म्हणतात कूड. बोटीवर नोकरी करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात मुंबईत थांबत, त्यांच्यासाठी गावागावाने आपापला क्लब काढला. धोबी तलावची जेर महाल ही इमारत अशा कुडींसाठी प्रसिद्ध आहे. मोठा हॉल, भिंतीकडेने ओळीने ट्रंका, एका टोकाला वेदी. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी 'तेर्स', म्हणजे रोझरी म्हणायची. गाव एकच असल्याने ओळखपत्राचा प्रश्न नव्हता. नाव सांगितलं की समोरचा आजोबांचं घर कुठलं ते सांगायचा.

लंडनचा गजर
आपल्याकडची वळकटी शाही वाटावी असा प्रकार लंडनमध्ये होता. जॉर्ज ऑर्वेलने १९३३ साली छापलेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात तो नोंदवला आहे. दोन पेनी द्यायच्या आणि बाकावर ओळीने बसायचं. समोर एक दोरी ताणलेली, तिच्यावर रेलून झोपायचं. पहाटे पाच वाजता माणूस येऊन दोरी कापायचा. स्नूझचं बटण अर्थातच नव्हतं.

शेवटची गाडी चुकली तर
जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली जपानच्या ओसाका शहरात सुरू झालं. वास्तुरचनाकार होते किशो कुरोकावा. उशिरापर्यंत काम करून किंवा पिऊन शेवटची गाडी चुकवणारे नोकरदार हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. आडवं होता येईल, उठून बसता येईल, उभं मात्र राहता येणार नाही, एवढीच जागा. मुंबईत शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते आणि पहिली चारनंतर, तरीही ही कल्पना इथे यायला चार दशकं लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर ४८ पॉड्सचं हॉटेल सुरू झालं. भारतीय रेल्वेच्या स्थानकातलं हे पहिलंच. सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. पुढच्याच वर्षी सीएसएमटीलाही पॉड आले.

तिकीट हीच चावी
त्याहून जुनी आणि अनेकांच्या लक्षात न येणारी सोय म्हणजे रेल्वेची रिटायरिंग रूम. इथे वशिला चालत नाही, पीएनआर चालतो. लांबच्या गाडीचं कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर खोली किंवा डॉर्मिटरीतला पलंग ऑनलाइन मिळतो. तास मोजून पैसे. रात्री फलाटावरच्या घोषणा ऐकू आल्या तर त्या फुकट.

व्हॉट्सॲपवरचा कायदा
'१८६७ च्या सराई कायद्यानुसार कुठल्याही हॉटेलात शिरून पाणी प्या, स्वच्छतागृह वापरा, कोणी अडवू शकत नाही' असा निरोप तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. कायदा खरा, निरोप खोटा. त्यात असा हक्क कुठेच नाही. मात्र जे आहे ते जास्त मजेदार आहे. सराईवाल्याने खोल्या, ओसऱ्या आणि गटारं साफ ठेवावीत, दरपत्रक लावावं, संसर्गजन्य आजाराचा पाहुणा असेल तर कळवावं, आणि माणसांच्याच नव्हे तर जनावरांच्या आणि गाड्यांच्याही रक्षणासाठी पहारेकरी ठेवावेत. म्हणजे तेव्हा तुमच्या बैलजोडीलाही सिक्युरिटी होती.

हजाराच्या आतला कर
एक हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी शून्य होता. जुलै २०२२ मध्ये ही सूट गेली आणि १२ टक्के लागू झाले. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के. म्हणजे नऊशेच्या खोलीवर आधी काही नाही, मग १०८ रुपये, आता ४५. बिल हातात आलं की हा आकडा नक्की तपासा. वाचलेल्या ६३ रुपयांत दोघांचा नाश्ता होतो.

'जोडी आहे? लग्नाचा दाखला?'
काउंटरवरचा हा प्रश्न कायद्यातून आलेला नाही. अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं. ओळखपत्र मात्र दोघांनीही द्यावं लागतं. त्यासाठी आधारची प्रत देताना 'मास्क्ड आधार' द्या; त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती हॉटेलवाल्याला चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते.

परदेशी चेहरा हवाय?
कुलाब्याच्या स्वस्त लॉजांना आणखी एक जोडधंदा चिकटला. पाठीवर पिशवी घेऊन फिरणारे गोरे प्रवासी तिथे उतरत आणि हिंदी सिनेमाला गर्दीत उभे करायला गोरे चेहरे लागत. एजंट रस्त्यावरच विचारायचे. दिवसभर सूट घालून पार्टीच्या सीनमध्ये रिकामा ग्लास धरायचा, जेवण आणि थोडे पैसे घ्यायचे, की लॉजचं भाडं निघालं.

शेवटचं गणित
स्वस्त लॉजमध्ये दोन पद्धती चालतात. एक, दुपारी बाराला खोली सोडायची. दुसरी, तुम्ही आलात तिथपासून चोवीस तास. रात्री अकराला पोहोचलात तर पहिल्या पद्धतीत तुमच्या वाट्याला तेरा तास येतात, दुसरीत चोवीस. समजा दोन्हीकडे भाडं नऊशेच आहे. मग एका ठिकाणी तास पडतो एकोणसत्तर रुपयांना, दुसरीकडे साडेसदतीसला. गरम पाणी सकाळी सहा ते नऊच येणार असेल, तर आंघोळीचे तासही यात धरा. म्हणून काउंटरवर 'रेट काय?' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारा, 'चेकआउट कधी?'