कुड्याची साल आणि वैद्यकीचीं बाडें

वैद्यकीच्या मोडी बाडाची नक्कल करतांना औषधाच्या नांवामागील विशेषण गौण समजून गाळण्याचा मोह होतो. ‘पांढऱ्या कुड्याची साल’ ह्याऐवजीं ‘कुड्याची साल’ एवढेंच उतरलें तर बिघडतें काय, अशी शंका निघेल. तिचें निरसन येथें करावयाचें योजिलें आहे.

नागपुराजवळील रामटेकच्या डोंगरांपासून गडचिरोलीच्या अरण्यांपर्यंत ज्यांस कुडा म्हणतात असे वृक्ष दोन आहेत. पांढरा कुडा (होलऱ्हेना) हा वैद्यांचा कुटज. दुसरा काळा कुडा (राइटिया). दोहोंस चीक येतो व शेंगा जोडीनें लागतात. परंतु पांढऱ्याच्या शेंगा सुट्या व बीं कडू. काळ्याच्या शेंगा टोंकाशीं जुळलेल्या व बीं त्या मानानें गोडें. ‘कडू इंद्रजव’ व ‘गोडा इंद्रजव’ हा भेद त्यांतूनच आला. चरकाच्या कल्पस्थानांतही कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन प्रकार फूल, फळ व पान ह्यांवरून सांगितले आहेत.

आतां हा भेद जपण्याचें कारण पाहूं. पांढऱ्या कुड्याची साल अतिसार व रक्ती आंव ह्यांवर देत. १८५८ सालीं मुंबईच्या डॉ. हेन्स ह्यांनीं तींतून कोनेसीन नांवाचें अल्कलॉइड वेगळें काढलें. आंव उत्पन्न करणाऱ्या अमीबाचा तें नाश करतें. ह्याच द्रव्यास पुढें ‘राइटीन’ असेंही नांव पडलें. म्हणजे दोन वृक्षांचा घोटाळा रसायनशास्त्राच्या परिभाषेंतही शिरला. विसाव्या शतकांत शुद्ध कोनेसीन रोग्यांस देऊन पाहिलें. परंतु निद्रानाश व मेंदूचे विकार होऊं लागल्यानें तें मागें पडलें. सालीचा अर्क प्रयोगशाळेंत कित्येक जंतूंची वाढ रोखतो हें खरें. तथापि तेवढ्यावरून रोग्यास द्यावयाची मात्रा ठरत नाहीं.

ह्याकरितां बाडांत पांढरा-काळा, कडू-गोडा, ओली-वाळली, काढा कीं पुटपाक, तोळा कीं मासा, जें असेल तें अक्षरशः उतरावें. अस्पष्ट अक्षर तर्कानें भरूं नये, जागा मोकळी सोडावी. संशोधकास सालीची परीक्षा पुन्हां करतां येईल. परंतु बाड जीर्ण होऊन गेल्यावर नकलेंत गाळलेला शब्द त्यास कोठूनही मिळावयाचा नाहीं, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें अशी आमची विनंती आहे.