केदारनाथच्या चढणीवर पाणी: किती प्यावे, कोणते प्यावे आणि केव्हा खाली उतरावे

परळी वैजनाथाचे दर्शन घरच्या अंगणातले असल्यामुळे, उरलेली ज्योतिर्लिंगेही करावीत अशी इच्छा बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत असते. त्यातले सर्वांत उंचावरचे ज्योतिर्लिंग म्हणजे केदारनाथ. मंदिराची दारे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. आपल्याकडून अनेक गट मे महिन्यात निघतात. म्हणजे पारा चाळिशीपुढे गेलेल्या गावातून निघालेला माणूस चार-पाच दिवसांत बर्फाच्या शेजारी पोहोचतो.

यात्रेपूर्वी तपासणीला येणारी मंडळी गुडघे, बीपी आणि ऑक्सिजनच्या डब्याबद्दल विचारतात. पाण्याबद्दल क्वचितच कोणी विचारते. "उन्हातान्हात राहणारी माणसे आम्ही, पाण्याचे काय ते आम्हाला कळते," असे वाटणे साहजिक आहे. पण उन्हात शिकलेले पाण्याचे गणित थंड आणि उंच ठिकाणी चुकते.

उंचीवर शरीरातले पाणी कसे कमी होते?

बीड, परळी, अंबाजोगाई ही आपली गावे हजार मीटरच्याही खाली आहेत. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर, तर केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. मधली १६ ते १८ किलोमीटरची चढण बहुतेक लोक एका दिवसात चढतात. वर हवा इतकी विरळ असते की प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्या गावापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो.

यामुळे शरीरात काही बदल होतात:

- श्वास जलद होतो. हवा थंड आणि कोरडी असते. ती ओलसर करण्यासाठी फुप्फुसे शरीरातले पाणी वापरतात आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ते बाहेर जाते.
- थंडी आणि उंची या दोन्हींमुळे लघवी जास्त होते.
- चढताना स्वेटरच्या आत घाम येतो, पण कोरड्या वाऱ्यात तो लगेच वाळतो. शर्ट ओला दिसत नाही म्हणून घाम आलाच नाही असे वाटते.
- थंडीत तहान कमी लागते. साठीपुढच्या माणसांना ती एरवीही कमीच लागते.

गावाकडे तहान आणि घाम हे दोन इशारे आपल्याला वेळेवर सावध करतात. चढणीवर हे दोन्ही इशारे मंद पडतात.

नुकसान प्रवासातच सुरू होते

गाडीत बसल्यावर "वाटेत लघवीला कुठे थांबणार" म्हणून अनेक जण पाणी कमी पितात. स्त्रिया तर हे नेमाने करतात. दोन-तीन दिवस असे केले, की गौरीकुंडला पोहोचेपर्यंत शरीर कोरडे पडलेले असते. लघवीला जळजळ आणि बद्धकोष्ठता इथूनच सुरू होते. गटप्रमुखाने दर दोन-तीन तासांनी स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी गाडी थांबवावी. सगळ्यांना पाणी प्यायला सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

दुसरी सवय निर्जळी उपवासाची. दर्शन होईपर्यंत पाणीही घ्यायचे नाही, असा संकल्प काही जण करतात. सात-आठ तासांच्या चढणीवर हा संकल्प धोक्याचा आहे. उपवास करायचाच असेल तर दूध, लिंबू सरबत, फळे आणि पाणी चालू ठेवून करा. मधुमेह असलेल्यांनी चढणीच्या दिवशी उपवास करूच नये.

किती आणि कसे प्यावे?

- निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी व्यवस्थित प्या. सकाळी निघण्यापूर्वी दोन पेले घ्या.
- चढताना दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. तासाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर होते. तहान जास्त लागली तर जास्त प्या.
- चहा, दूध, सूप, सरबत हे सगळे धरून दिवसभरात तीन ते साडेतीन लिटर पोटात जावे. चहाने पाणी कमी होते असे समजून तो टाळण्याची गरज नाही. दारू मात्र पूर्ण वर्ज्य.
- मुठीत मावेल एवढे शेंगदाणे, चिवडा, गूळ असे काही सोबत खात राहा. त्यातून मीठ आणि ताकद मिळते.

लघवीवर लक्ष ठेवा. तीन-चार तासांनी एकदा होत असेल आणि रंग फिका, गवताच्या काडीसारखा असेल तर ठीक. रंग गडद असेल किंवा पाच-सहा तास लघवीच झाली नसेल, तर थांबा आणि प्या. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर लघवी एरवीही पिवळी दिसते, तेव्हा रंगापेक्षा किती वेळा होते ते पाहा.

"जितके जास्त तितके चांगले" हेही खरे नाही. थोड्या वेळात कित्येक लिटर साधे पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम पातळ होते. त्यानेही डोके दुखते, उलट्या होतात, माणूस गोंधळतो.

हृदयाची कमजोरी किंवा किडनीचा आजार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. वरचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत. लघवी वाढवणारी बीपीची गोळी किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर जाण्यापूर्वी डोस विचारून घ्या. अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या वारंवार घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना त्या किडनीला इजा करू शकतात.

नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नाही

टँकरचे गढूळ पाणी पाहिलेल्या डोळ्यांना डोंगरातून उसळत येणारा थंडगार झरा अमृतासारखा वाटतो. पण त्याच वाटेवरून खेचरे आणि घोडे जात-येत असतात. त्यांची लीद आणि माणसांची घाण पावसाबरोबर ओढ्यात उतरते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि थंडीने मरत नाहीत. मंदाकिनीचे पाणी श्रद्धेने माथ्याला लावा, पिण्यासाठी मात्र शुद्ध केलेलेच वापरा. चढणीवर जुलाब-उलट्या सुरू झाल्या, की आधीच कमी असलेले पाणी काही तासांत धोक्याच्या पातळीला जाते.

शुद्ध करण्याचे मार्ग:

- उकळणे. हा सर्वांत खात्रीचा मार्ग. केदारनाथच्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते, पण तेवढी उष्णता जंतू मारायला पुरते. दोन हजार मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटे उकळत ठेवा. टपरीवर मिळणारे कोमट पाणी उकळलेलेच असते असे नाही. "उकळून द्या" असे सांगून स्टीलच्या बाटलीत भरून घ्या.
- क्लोरीनच्या गोळ्या. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, तेच तत्त्व इथे आहे. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ कापडाच्या चार पदरांतून गाळा. गोळीचे प्रमाण पाकिटावर वाचा. अर्धा तास थांबा; पाणी बर्फगार असेल तर एक तास. काही परजीवी क्लोरीनलाही दाद देत नाहीत, म्हणून उकळण्याची सोय असेल तिथे उकळणेच निवडा.
- तुरटी. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यानंतर उकळणे किंवा क्लोरीन हवेच.
- सीलबंद बाटली. झाकणाचे सील स्वतः तोडा. रिकामी बाटली कचराकुंडीतच टाका.

शौचानंतर आणि खाण्यापूर्वी साबणाने हात धुवा. पाणी शुद्ध आणि हात घाण असतील तर उपयोग नाही.

जुलाब लागले तर

प्रत्येक माणसामागे ओआरएसची चार-पाच पाकिटे ठेवा. मोठे पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण रिकामे करायचे असते. ते पेलाभर पाण्यात घोळून पिऊ नका, त्याने जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. प्रत्येक जुलाबानंतर एक पेला, घोट घोट घ्या. शौचातून रक्त जाणे, ताप, थांबत नसलेल्या उलट्या किंवा लघवी बंद होणे यांपैकी काही असेल तर वाटेवरच्या वैद्यकीय केंद्रात जा.

डोकेदुखी: पाण्याची की उंचीची?

पाणी कमी पडले तरी डोके दुखते आणि उंची बाधली तरी दुखते. मळमळ, थकवा, चक्कर हेही दोन्हींत सारखेच. अशा वेळी चढणे थांबवा, बसा, तासाभरात अर्धा ते एक लिटर पाणी किंवा ओआरएस हळूहळू घ्या. पूर्ण बरे वाटले तर कारण बहुधा पाणी होते. बरे वाटले नाही तर उंची बाधली आहे असेच धरा आणि वर जाऊ नका. कितीही पाणी प्यायले तरी उंचीचा त्रास टळतोच असे नाही. हेलिकॉप्टरने जाणारे काही मिनिटांत वर पोहोचतात, त्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. त्यांनी तर अधिक सावध राहावे. डायमॉक्सची गोळी काहींना उपयोगी पडते, पण तिने लघवी वाढते आणि ती सर्वांना चालत नाही. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर थांबू नका, दिवस असो वा रात्र, रुग्णाला खाली न्या:

- बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी
- झोकांड्या जाणे, पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालता न येणे
- असंबद्ध बोलणे, खूप झोप येणे, ओठ निळे पडणे

मिळाल्यास ऑक्सिजन द्या आणि १०८ वर फोन करा, पण उतरणे त्यासाठी लांबवू नका. रुग्णाला एकटे सोडू नका आणि त्याला पायी चालवण्याऐवजी शक्यतो उचलून न्या.

"एवढ्या लांब आलोय, दर्शन करूनच उतरू" हे वाक्य अशा वेळी गटातला कोणीतरी म्हणतोच. म्हणून निघण्यापूर्वी घरीच एक गोष्ट ठरवून घ्या: कोणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार. नाव आधी ठरलेले असले की वर वाद होत नाही, आणि वेळ वाया जात नाही.